दसऱ्याला बोललेला भाव

पिंपळवंडी
१८ जून २०२५

चि. नंदिनी,

तुला तुझ्या आत्याचे आशीर्वाद. परवा तुझा फोन आला तेव्हा मी तीन वेळा ‘हो’ आणि एकदा ‘बरं’ म्हणाले, पण त्यातलं निम्मंही मला ऐकू आलं नव्हतं. कानातलं मशीन लावलं की शिट्टी वाजते, काढलं की माणसं नुसते ओठ हलवतात. मोबाईलवर टाईप करायला बसले तर ‘आशीर्वाद’ लिहून होईपर्यंत चहा उतू जातो. तेव्हा तू जे सांगत होतीस ते कागदावर लिहून पाठव. मीही तसंच लिहीन. अक्षर अजून बरं आहे माझं.

मला कळलं ते एवढं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या ज्या पाच कारखान्यांकडून आम्ही शेडवाले द्राक्षाच्या पेट्या घ्यायचो, त्यांनी आपसात ठरवून भाव चढवले होते आणि दिल्लीतल्या आयोगानं ते पकडलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई मागता येते, आणि तुझं ऑफिस असली नुकसानं मोजण्याचंच काम करतं. हे बरोबर असेल तर परवापासून मी घरभर येरझारा घालते आहे ते उगाच नाही.

भाव चढले ती चार वर्षं तुला माहीत आहेत. शेडवर बारा बायका द्राक्षं निवडून पेट्या भरायच्या, आता अंजना धरून चौघी उरल्यात. आमचा गोरक्ष पोटचा पोरगा असून म्हणतो, “आई, तुला धंदा झेपला न्हाई, कबूल कर.” दिवाळीनंतर शेड खताच्या गोडाऊनला भाड्यानं द्यायची असं त्यानं ठरवून टाकलंय. भाडेकरूसुद्धा बघून ठेवला. मी अजून हो म्हटलेलं नाही.

पैसे मिळाले तर हवेच आहेत, उगाच सोवळेपणा कशाला करू. पण त्याआधी मला एक सरकारी कागद हवा आहे, ज्यावर लिहिलेलं असेल की शेड पुष्पाबाईनं बुडवली नाही. तो मी गोरक्षच्या ताटाशेजारी ठेवणार आहे, भाकरीच्या आधी.

तुझी आत्या


दिल्ली
२७ जून २०२५

ती. आत्या,

निम्मं ऐकून तू जेवढं समजलीस तेवढं आमच्या ऑफिसातल्या दोघांना अख्खी फाईल वाचून कळलेलं नाही.

तर ऐक, म्हणजे वाच. ते पाच कारखानदार दर हंगामात हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला बसायचे. जेवताना खोक्याचा भाव ठरायचा आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकजण आपापल्या गिऱ्हाइकांना वेगवेगळं कारण कळवायचा. कोणी कागद महागला म्हणायचा, कोणी वीज. आकडा मात्र एकच. आयोगानं त्यांना दंड केला, पण दंड सरकारजमा होतो. तुला हवं असेल तर तुझं नुकसान तुला वेगळं सिद्ध करावं लागेल.

ते मोजायचं कसं, हा माझा उद्योग. त्यांनी संगनमत केलं नसतं तर तुला खोकं कितीला पडलं असतं, हे काढायचं. म्हणजे जे घडलंच नाही त्याचा भाव सांगायचा. कोल्हापूरकडे हे पाच जण विकत नव्हते. तिथं तसाच पुठ्ठा, तेच डिझेल, तीच वर्षं, म्हणून तिथले भाव मी शेजारी ठेवून पाहिले. खोक्यामागे तू जवळजवळ सात रुपये जास्त मोजत होतीस. चार हंगामांचे मिळून नऊ लाखांच्या आसपास होतात. आत्या, शेड तू बुडवली नाहीस. हे आधी मी सांगते, कागद मागून येईल.

आता एक प्रश्न, आणि यावर सगळं अवलंबून आहे. हे जास्तीचे पैसे तू शेतकऱ्यांकडून वसूल केलेस का? समोरचे वकील हेच विचारणार. तू भरलेस आणि पुढे शेतकऱ्याच्या बिलात लावलेस, तर नुकसान शेतकऱ्याचं झालं, तुझं नाही. एक पेटी भरून देण्याचा तुझा दर कसा ठरायचा, ते मला नीट लिही. घाई आहे, साहेब रोज विचारतात.

तुझी नंदिनी


पिंपळवंडी
९ जुलै २०२५

चि. नंदिनी,

तुझा प्रश्न वाचून मला हसू आलं. शेतकऱ्याकडून वसूल कसं करणार? आपल्याकडे दसऱ्याला बोललेला भाव असतो. तू उन्हाळ्याच्या सुट्टीत आंबे खायला यायचीस, दसऱ्याला कधी आली नाहीस, म्हणून तुला ठाऊक नाही.

दसऱ्याच्या दुपारी जुन्नर-आंबेगावातले सगळे शेडवाले आमच्या भैरवनाथाच्या देवळात जमतात. पार मंचरहून येतात. आधी आपट्याची पानं वाटायची, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. मग ओतूरचा हौशीराम, त्याची शेड सगळ्यांत मोठी, तो देवापुढे सुपारी ठेवतो आणि हंगामाचा पेटीचा दर बोलतो. थोडी ओढाताण होते. मग एका आकड्यावर सगळे सुपारीला हात लावतात. पुढच्या दसऱ्यापर्यंत तो आकडा मोडायचा नाही, वरही नाही, खालीही नाही. मंचरच्या एकानं एकदा दोन रुपये कमी घेतले, तर पुढच्या वर्षी देवळात त्याला कोणी पान दिलं नाही. भर सणाला रिकाम्या हातानं घरी गेला.

तुझ्या आजोबांचीच शिकवण आहे ही. राघूआबा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा शेतात खतासाठी कळप बसवायचा तर रात्रीचं धान्य किती घ्यायचं, हे सगळे मेंढपाळ मिळून ठरवायचे. नाहीतर जमीनवाले एकाला दुसऱ्याशी झुंजवायचे आणि दोघांनाही मूठभर बाजरीवर काढायचे. राघूआबा म्हणायचे, आपण एका तोंडानं बोललो तरच आपल्याला तोंड आहे.

म्हणून पौषात खोक्याचा भाव चढला तरी मी कोणाकडून रुपया जास्त घेतला नाही. धर्माजी भाऊंना विचार, नदीकाठची बाग त्यांची, आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. वरचा भार मी सोसला आणि बायका कमी करत गेले. हे सगळं अर्जात नीट लिही, देवळासकट. शब्दाला जागणारी माणसं अजून आहेत हे तुमच्या दिल्लीला कळू दे.

तुझी आत्या


दिल्ली
१७ जुलै २०२५

ती. आत्या,

पत्र मिळालं. सोबत तुझ्या जबाबाचा मसुदा पाठवते आहे, वाचून सही करून परत पाठव. मी त्यात एवढंच लिहिलं आहे की हंगामाच्या मध्ये तू दर कधी वाढवला नाहीस. तेवढं पुरेसं आहे. धर्माजी भाऊंकडूनही तसं दोन ओळींचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर उत्तम.

दसऱ्याच्या बैठकीचा उल्लेख मात्र कुठे करू नकोस. कोणाला सांगू नकोस, फोनवर तर नाहीच. कारण मग सांगेन.

नंदिनी


पिंपळवंडी
२६ जुलै २०२५

चि. नंदिनी,

मसुदा वाचला. पुष्पाबाई आहे, शेड आहे, पेट्या आहेत. देऊळ नाही, सुपारी नाही, आबा तर नाहीतच.

कारण तू लिहिलं नाहीस तरी मला समजतं. सुपारीवर धंदा करणारी आत्या तुमच्या साहेबांपुढे सांगायला लाज वाटते तुला. एसीत बसणाऱ्यांना ते गावठी वाटणार. अगं, तुमच्याकडे शंभर पानांचे करार करून माणसं दुसऱ्या दिवशी कोर्टात जातात. आमचा एक आकडा वर्षभर टिकतो, त्याला ना वकील लागतो ना शिक्का. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मी सही केलेली नाही. बैठकीबद्दल लिहिणार असशील तर करीन. गोरक्ष काल भाडेकरूला घेऊन आला होता, मोजपट्टी घेऊन शेड मोजत होता. मी द्राक्षाचे घड छाटायची कात्री घेऊन दारात बसून राहिले, कापायला काही नव्हतं तरी.

आत्या


दिल्ली
२ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

लाज नाही वाटली गं. भीती वाटली. तुझं पत्र वाचून मी बाहेर जाऊन दोन चकरा मारून आले आणि साहेबांना सांगितलं की अजून पत्र आलंच नाही.

स्पष्टच लिहिते. हॉटेलात बसून पाच जणांनी एक भाव ठरवला आणि तो मोडायचा नाही असं ठरवलं. देवळात बसून तुम्ही एक भाव ठरवलात आणि तो मोडायचा नाही असं ठरवलंत. त्यांच्यातल्या एकानं मोडला तेव्हा बाकीच्या चौघांनी त्याचा कच्चा माल अडवला. तुम्ही पान दिलं नाही. कायद्याला हॉटेल आणि देऊळ यांतला फरक कळत नाही. ‘वरही नाही, खालीही नाही’ हे तुझे शब्द आहेत, आणि जवळजवळ हेच शब्द आयोगाच्या निकालात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून छापलेले आहेत.

तू हे सही करून दिलंस तर भरपाई मागायला गेलेली बाई स्वतःच्याच हातानं गुन्हा लिहून देईल. नुकसान राहील बाजूला, नोटीस तुलाच येईल.

आबांचं वेगळं होतं असं मलाही वाटतं. त्यांच्यापुढे जमीनवाले होते, आणि आबांकडे मेंढरांशिवाय काही नव्हतं. तुझ्यापुढे कोण असतं ते मात्र तू बघ.

मी तुला खोटं बोलायला सांगत नाही. कोणी विचारलं नाही ते सांगू नकोस, एवढंच म्हणते.

तुझी नंदिनी


दिल्ली
५ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

महिना झाला, तुझं अक्षर पाहिलं नाही. गोरक्षला फोन केला तर म्हणाला, तब्येत ठणठणीत आहे, फक्त कोणाशी बोलत नाही आणि सारखी कुठेतरी निघून जाते. माझ्यावर रागावली असशील तर रागाचं तरी लिही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अर्ज गेला नाही तर साहेब हे प्रकरण सोडून देतील. मला झोप लागत नाही, त्याला तू आणि दिल्लीतला उकाडा दोघंही जबाबदार आहात.

नंदिनी


पिंपळवंडी
१४ सप्टेंबर २०२५

चि. नंदिनी,

रागावले होते, खूप रागावले होते. तुझं पत्र फाडून चुलीत घालणार होते, पण आता गॅस आहे. मग ते डब्यात ठेवलं आणि रोज काढून वाचलं, दर वेळी नव्यानं संताप आला. त्या लुटारूंच्या रांगेत तू मला बसवलंस. राघूआबांच्या मुलीला.

तू चुकलीस हे सिद्ध करायचं म्हणून मी धर्माजी भाऊंकडे गेले, प्रतिज्ञापत्र आणायला. ते आणि त्यांची बायको साळुबाई ओट्यावर शेंगा फोडत होते. मी विचारलं, “भाऊ, मी हंगामात कधी दर वाढवला का?”

“न्हाई,” ते म्हणाले.

“मग तसं लिहून द्या.”

“देतो की. हंगामात न्हाईच वाढवला. दसऱ्याला वाढायचा. दर साली.”

मी म्हटलं, दसऱ्याला तर वाढणारच, खोकी महाग झाली होती. ते म्हणाले, “त्ये आमाला काय म्हाईत. एका साली लईच वाढला तवा मी वतूरला गेलो. मग नारायणगावला. मग पार मंचरला. सगळीकडं त्योच आकडा. मग परत तुमच्याकडंच आलो. मागच्या अंगाची एक एकर बाग तशीच बेदाण्यावाल्याला देऊन टाकली, पेटी भरणं परवडंना.”

ती एक एकर बाग मला आठवते. यंदा तिकडचा माल का आला नाही, असं मी तेव्हा अंजनाला विचारलं होतं. आळशी झालेत भाऊ, असंही म्हणाले होते.

मग साळुबाई म्हणाल्या, “आमाला वाटायचं ह्यो दर सरकारकडनं येतो. म्हणून कदी भांडलो न्हाई.” मी पुढ्यातली एक शेंग उचलली. तेव्हा त्यांनी विचारलं, “का वं, तुमीच ठरवायच्या व्हय?”

त्यांनी वाकडेपणानं विचारलं नव्हतं. माझं मशीन नेमकं तेव्हा शिट्टी न वाजवता चाललं होतं. मी शेंगा फोडायला लागले आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

घरी चालत आले. आबांपुढे जमीनवाले होते असं तू लिहिलंस. नंदिनी, आता दसऱ्याच्या बैठकीत सगळे शेडवालेच असतात, त्यांच्यापुढे बसलेलं कोणीच नसतं. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नाही. अजूनही मला आम्ही लुटलं असं म्हणवत नाही. पण सुपारीला हात कशाला लावत होते, तेही सांगता येत नाही. तू आकडा पुन्हा मोज.

आत्या


दिल्ली
२२ सप्टेंबर २०२५

ती. आत्या,

मोजला. धर्माजी भाऊंच्या बोलण्यानं सगळं बदललं. कारखानदार पौषात भाव चढवायचे, तेव्हापासून हंगाम संपेपर्यंतचा भार तुझा. पण पुढच्या दसऱ्याला तुम्ही तो दरात धरायचात, आणि तिथून पुढे तो शेतकऱ्यांचा. नऊ लाखांतले तुझे चारसुद्धा नाहीत. उरलेले धर्माजी भाऊंसारख्यांचे आहेत.

सोबत दोन मसुदे आहेत. पहिला जुनाच, त्यात बैठक नाही आणि पूर्ण नऊ लाख आहेत. आता सगळं ऐकूनही साहेब म्हणतात हा टिकेल. त्यात एकही वाक्य खोटं नाही, आणि तरी मला तो दुसऱ्यांदा वाचवला नाही. दुसऱ्यात बैठक आहे, जशी तू लिहिलीस तशी. त्यात तुझ्यासोबत शेतकऱ्यांनाही अर्जदार होता येईल, मी साहेबांशी भांडून तेवढी जागा ठेवली आहे. पण समोरचे वकील तुझ्यावर तुटून पडतील. आयोगाची नोटीस येऊ शकते. तुला काहीच न मिळण्याची शक्यता बरीच आहे.

मला काय वाटतं विचारशील तर मला तुझी शेड हवी आहे. कात्र्यांचा आवाज हवा आहे, गोरक्षची जिरायला हवी आहे. मी या बाबतीत सरळ राहिलेले नाही, म्हणून माझा सल्ला घेऊ नकोस.

तुझी नंदिनी


पिंपळवंडी
७ ऑक्टोबर २०२५

चि. नंदिनी,

दसरा झाला. देवळात गेले, सोनं दिलं, घेतलं. हौशीरामनं सुपारी ठेवली आणि आकडा बोलला. मी उभी राहून म्हटलं, “यंदा मी हात लावणार न्हाई. माझा दर मी माझ्या शेडवर सांगीन, तुमी तुमचा तुमच्या शेडवर सांगा.”

एवढं बोलून कानातलं मशीन काढून पिशवीत टाकलं. म्हणून पुढे कोण काय बोललं ते मला ओठांवरूनच दिसलं, आणि तेही सगळं बघितलं नाही. हौशीरामनं जवळ येऊन मोठ्यानं सांगितलं ते तेवढं ऐकू आलं. “बाई, तुमाला दिल्लीचं वारं लागलं. तुमीच मराल यात.” बाकीचे एकमेकांकडे बघत बसले. आकडा न ठरता बैठक मोडली.

संध्याकाळपर्यंत हौशीरामनंच दर चार रुपयांनी उतरवला. दुसऱ्या दिवशी नारायणगावात त्याहून कमी. मी हिशोब करून पाहिला, मला त्या दरात परवडत नाही. हौशीराम खोकी ट्रकनं घेतो, मी टेम्पोनं. गोरक्ष म्हणाला, “आता तर गोडाऊनच.” मी म्हटलं, हंगाम होऊ दे, मग बोल. पण माझा आवाज काही खणखणीत नव्हता.

काल सकाळी धर्माजी भाऊ आले. खुर्चीवर बसेनात. म्हणाले, “पुष्पाबाई, यंदाचा माल हौशीरामकडं टाकतो म्हन्तो. पेटीमागं चार रुपये वाचत्यात. तुमाला सांगितल्याबिगर जाणं बरं वाटंना.”

मला राग आला. लई आला. ज्या माणसासाठी मी भर देवळात सगळ्यांशी वैर घेतलं तो पहिला उठून निघाला होता, आणि तोही त्याच हौशीरामकडे. अंजनानं चहा आणला. तो पिऊन होईपर्यंत मी हिशोबाची वही चाळत राहिले. मग तोंडातून निघून गेलं, “इतक्या वर्षांत कधी असं सांगायला आला न्हवता, भाऊ.”

ते म्हणाले, “जायला जागा कुठं व्हती?”

कुरकुर नव्हती त्यात. पाऊस किती झाला हे सांगावं तसं सांगितलं त्यांनी. माझा राग गेला असं नाही, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना.

मी दुसरा मसुदा आणून ठेवला आणि त्यांना सगळं वाचून दाखवलं, बैठकीचं, सुपारीचं, त्या मंचरवाल्याला पान न दिल्याचंसुद्धा. त्यांच्या एक एकर बागेचं मी खाली हातानं लिहिलं आहे. त्यांनी सही केली. मग मी केली. अर्जदार म्हणून आधी त्यांचं नाव घाल, माझं त्याच्याखाली.

सही झाल्यावर ते उठले आणि मोटारसायकल काढून हौशीरामकडे दर पक्का करायला गेले. मी दारापर्यंत सोडायला गेले होते.

तुझी आत्या